पानांखालची काठी

आल्मोलोंगा, २० जानेवारी १९९७

मिना,

मागच्या रविवारी तू गावात आलीस. माझ्या अंगणात बसून कॉफी प्यायलीस, मी केलेले तमाल खाल्लेस, आईच्या थडग्यावर फुलं ठेवून आलीस. आणि दिवसभरात तुझ्या बेताबद्दल तोंडातून एक शब्द काढला नाहीस. सोमवारी सकाळी मी फावडं घेऊन वाफ्यावर गेले, तर शेजारी तोमासाच्या आसेल्गाच्या पालेभाजीच्या वाफ्यात खांब उभा. खांबावर डबा, डब्यातून तार खाली पानांत गेलेली.

तोमासा कमरेवर हात ठेवून उभी होती. नव्या सुनेला मिरवावं तशी. "कोमाद्रे, बघ गं! तुझ्या मिनानं बसवलं. आता पानं स्वतःच सांगणार, आपण किती वाढलो ते."

मी म्हटलं, "इतके दिवस मुकी होती का?"

तोमासा माझ्या पोरीची धर्मआई आहे, माझी कोमाद्रे आहे, म्हणून एवढ्यावर थांबले.

मला फक्त एक सांग. माझा वाफा आणि तिचा वाफा यांच्यामध्ये काय आहे? एक पाट. तोही दोघींच्या वापराचा. एक ढांग टाकली की पलीकडे! ती ढांग तुला टाकता आली नाही? सख्ख्या बहिणीचा वाफा सोडून शेजारणीचा निवडलास. कशासाठी? सगळ्या खोऱ्यानं बघावं म्हणून?

आणि खोऱ्यानं बघितलं. काल शेतकरी संघाची सभा झाली. अध्यक्ष एउसेबियो उठला आणि म्हणाला, "तोमासाबाईंचा आसेल्गा या खेपेला यंत्राच्या आकड्यावर कापू. माल राजधानीच्या बाजारात चांगला ठरला, तर पुढच्या हंगामापासून सगळ्यांची कापणी यंत्रच ठरवील. हात वर करा."

चौतीस हात वर गेले, मिना. चाळिसातले चौतीस. एकोणीस वर्षं याच लोकांनी उन्हात माझ्यामागे उभं राहून विचारलं आहे, "वेनाबाई, माझा कधी?" मी वाफ्यात उतरायचे, बसायचे, उठायचे आणि सांगायचे, "गुरुवारी." मग गुरुवारीच विळा लागायचा. एकोणीस वर्षांत क्लेतोच्या ट्रकमधून माझ्या शब्दावर गेलेली एक पेंढी परत आलेली नाही. तातांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं, आणि फावड्याबरोबर ही नजरही दिली. मला पुढची शाळा मिळाली नाही, गाव सोडता आलं नाही. एवढं एकच माझं आहे. आणि तेच तू एका डब्यात घालून शेजारच्या वाफ्यात उभं केलंस.

क्लेतो मंगळवारी आणि शुक्रवारी चिमाल्तेनांगोवरून जातो. उत्तर त्याच्याकडे दे.

वेनान्सिया

•

चिमाल्तेनांगो, २७ जानेवारी

वेनाताई,

तुझं पत्र क्लेतोनं कोथिंबिरीच्या पेंढीत खोचून आणलं. कागदाला अजून वास आहे. राग मात्र त्या वासानं झाकला गेला नाही.

यंत्रात जादू नाही. खांबावरचा काचेचा डोळा आकाशातून किती उजेड येतो ते मोजतो. पानांखाली एक मीटरभर लांबीची पांढरी काठी आडवी ठेवली आहे. ती जमिनीपर्यंत किती उजेड पोचला ते मोजते. मधला जो उजेड खाली पोचलाच नाही, तो पानांनी घेतला. पानं जितकी मोठी आणि दाट, तितका खाली अंधार. शंभरातले नव्वद भाग पानांनी अडवले की वाफा भरला. त्याच्या आधी कापला तर पान पातळ निघतं आणि सहा तासांच्या रस्त्यात चिंधी होतं. उशीर केला तर देठ लाकूड होतो. आमच्या संशोधन केंद्राच्या शेतात तीन हंगाम हे खरं ठरलं आहे. तोमासानं एवढंच करायचं आहे, रोज दुपारी बारा वाजता डब्यावरचा आकडा वहीत लिहायचा. काठीला हात लावू नका, असं मी तिला बजावून आले आहे. हललेली काठी खोटं बोलते.

तुझा वाफा का निवडला नाही? तू विचारलंस म्हणून सांगते. तुझ्या वाफ्यात लावलं असतं तर तू रोज दुपारी त्याच्यापुढे उभी राहून त्याला खोटं पाडलं असतंस. ते खरं बोलत असतं तरी. आणि तोमासानं स्वतःहून मागितलं. माझ्या पदवीच्या दिवशी ती क्लेतोच्या ट्रकमध्ये गाजरांवर बसून राजधानीत आली होती, तेव्हापासून मागत होती. त्या दिवशी तुझी रोपं लावायची होती. मी विसरलेले नाही.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. उलट एक मागणं आहे. तू वाफ्यात बसून नेमकं काय बघतेस, ते मला सांग. पानाचा रंग? शिरा? वास? मी माझ्या अहवालात तुझ्या नावानं लिहीन. मी लहान असताना बांधावरून बघायचे. भर दुपारी तात आणि तू वाफ्यात उकिडवे बसायचात, डोक्याला डोकं लावून. तात फावडं बाहीला पुसून खाली ठेवायचे आणि हलक्या आवाजात तुला काहीतरी सांगायचे. मी धावत आले की दोघं उठून उभे राहायचात. "काही नाही गं, मिना. जा, पुस्तक वाच."

मी पुस्तक वाचलं, ताई. खूप वाचली. त्यात ते कुठे सापडलं नाही.

तुझी मिना

•

आल्मोलोंगा, ६ फेब्रुवारी

मिना,

नाही सांगणार.

तुला बूट मिळाले, दप्तर मिळालं, शेला शहरातल्या शाळेला जाणारी बस मिळाली. तुझ्या फीसाठी मी तेराव्या वर्षापासून पाटात उभी आहे, मांडीपर्यंत थंड पाण्यात. मी तक्रार केली नाही. पण जगातलं सगळं तुझं आणि त्यावर माझं ते सुद्धा तुझं, हा कुठला न्याय? अहवालात माझं नाव! अहवाल वाचणार कोण? ज्यांनी आयुष्यात कधी आसेल्गाचं देठ मोडलं नाही ते.

इकडचं ऐक. तोमासाचा वाफा आता देऊळ झाला आहे. बारा वाजले की माणसं गोळा होतात. ती पदराला हात पुसते, डब्यासमोर उभी राहते, आणि मोठ्यानं आकडा वाचते. बाजूला एउसेबियो टोपी काढून उभा. काल कुणीतरी खांबाला लाल धागा बांधला, दृष्ट लागू नये म्हणून. कुणाची दृष्ट, ते सगळ्यांना माहीत आहे. पलीकडच्या गावात सान सिमोनच्या पुतळ्याच्या तोंडात सिगारेट देतात, तशी एक आता या खांबाला द्यायची राहिली आहे.

मागच्या आठवड्यात म्हाताऱ्या बासिलियोचा वाफा तयार होता. एरवी तो आदल्या रात्रीच माझ्या दारात येतो. या वेळी तो तोमासाकडे गेला. "तुमची काठी एक दिवस माझ्या वाफ्यात नाही का ठेवता येणार?" ती म्हणाली, "नाही हो, मिनानं हलवू नको सांगितलंय. तुम्ही वेनालाच विचारा." वेनालाच! जसं घरात गहू संपला म्हणून मक्यावर भागवायचं.

मी त्याला सांगितलं, "शनिवारी काप." सांगताना माझ्या आवाजात गोडवा नव्हता. त्यानं शनिवारी कापलं. पेंढ्या उत्तम निघाल्या. त्यासाठी कुणी टोपी काढली नाही.

आमच्या दोघींच्या पाटाचं पाणी जानेवारीत ती उडवते, फेब्रुवारीत मी. तुला आठवत असेल, की तेही पुस्तकांत बुडालं? एकीनं पाटात उभं राहून दोन्ही बाजूंना फावड्यानं पाणी फेकायचं, म्हणजे दुसरीचा दिवस वाचतो. म्हणजे बघ, तुझ्या यंत्राच्या पानांनाही पाणी मीच पाजते आहे. काल बुधवारीही पाजलं. तिच्या वाफ्यातली पानं परवापासून नखभरच वाढली आहेत फक्त. पण आज तोमासानं वाचलं, "एकसष्ट!" परवा बावन्न होते. दोन दिवसांत नऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या वाफ्यासाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

वेनान्सिया

•

चिमाल्तेनांगो, १७ फेब्रुवारी

वेनाताई,

तोमासाच्या वहीची पानं आली. एकसष्ट, त्रेसष्ट, मग तेराला एकदम चौऱ्याहत्तर. चौदाला पंच्याहत्तर. केंद्राच्या शेतातही पान इतक्या वेगानं भरलं नव्हतं. आमचे प्रमुख म्हणाले, "तुमच्या खोऱ्यातली माती सोनं आहे." मी म्हटलं, "माती नाही, तोमासा."

हो, मी हे मुद्दाम लिहिते आहे. तुला बोचावं म्हणून.

तुझ्या पत्रातला हिशेब मी पुन्हा पुन्हा वाचला. मला बूट, तुला पाट. ठीक आहे. तू कधी विचारलंस का, मला काय हवं होतं? सगळं गाव म्हणतं मिनाला शिकवलं, मिना नशीबवान. मी बांधावरची मुलगी होते, ताई. बांधावरून वाफ्यात यायची परवानगी मला कधी मिळाली नाही. तातांनी मला पैसे दिले, पत्ते दिले, बसचं तिकीट दिलं. तुला त्यांनी स्वतःचं काहीतरी दिलं. शेवटच्या दिवशीही त्यांनी मला "पुस्तकं आणलीस का?" एवढंच विचारलं. आणि तुझा हात धरला.

मी शास्त्र का शिकले, माहीत आहे? तुम्ही दोघं त्या पानांखाली वाकून जे बघत होतात ते मला कुणाच्या परवानगीशिवाय बघायचं होतं. बारा वर्षं लागली. आता माझी काठी बघते. आणि ती चुकत नाही.

आकडा नव्वद झाला की तोमासा कापेल. मग सभेत कुणाचे किती हात वर जातात, ते बघू.

मिना

•

आल्मोलोंगा, २५ फेब्रुवारी

मिना,

आज पहाटे क्लेतोच्या ट्रकमध्ये तोमासाचा आसेल्गा गेला. एकवीस पेटारे. काल आकडा एक्क्याण्णव झाला, आणि दुपारी तिनं विळा लावला.

लावायच्या आधी ती पाट ओलांडून आली होती. लोक लांब होते. हळूच म्हणाली, "वेना, आकडा एक्क्याण्णव म्हणतोय. पण पान हातात घेतलं की मला ते हलकं वाटतंय. तू एकदा बघतेस?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझ्या यंत्राला विचार."

 ती "बरं" म्हणाली आणि परत गेली.

एवढंच सांगायचं होतं. इकडे सगळं ठीक.

वे.

•

चिमाल्तेनांगो, १ मार्च

वेनाताई,

मंगळवारी मी क्लेतोबरोबर बाजारापर्यंत गेले. मला तो माल उतरताना बघायचा होता. फोटो काढायला कॅमेरा घेतला होता.

पेटारा उघडला तेव्हा पानं ओल्या फडक्यासारखी एकमेकांना चिकटली होती. साल्वादोरचा व्यापारी एक पेंढी उचलून म्हणाला, "ताई, ही भाजी नाही. ही रोपं आहेत. रोपं कशाला कापलीत?" मग त्यानं ती पेंढी माझ्या हातात दिली. अगदी सभ्यपणे. एकवीसच्या एकवीस पेटारे बाजाराच्या मागच्या खड्ड्यात रिकामे केले. क्लेतोनं रिकामे पेटारे परत ट्रकमध्ये चढवले. तोमासाला तो काय सांगणार होता, कोण जाणे.

आकडा एक्क्याण्णव होता. पानं जेमतेम सत्तरची होती. काहीतरी काठीला झालं आहे. तू शेजारी होतीस. रोज.

ताई, तू काही पाहिलं होतंस का?

मिना

•

आल्मोलोंगा, १० मार्च

मिना,

तुझ्या प्रश्नाला नऊ दिवस उत्तर दिलं नाही. हो. पाहिलं होतं.

पाच फेब्रुवारीच्या बुधवारी मी पाटात उभी राहून पाणी उडवत होते. माझं फावडं वर गेलं, पाणी पंख्यासारखं पसरलं आणि तोमासाच्या पानांवर पडलं. पानांवरून ते खाली गळलं, तळाशी काठीवर. पाटाचं पाणी, मिना. गाळाचं. दुसऱ्या दिवशी तिनं एकसष्ट वाचलं तेव्हा मला कळलं नाही. पण संध्याकाळी मी पानं बाजूला सारली. पांढऱ्या काठीवर मातीचा पातळ पापुद्रा वाळला होता. उजेड पानांनी अडवला नव्हता, मातीनं अडवला होता.

तुझ्या केंद्रात पाणी नळीतून जमिनीच्या आत जातं ना? इथे पाणी वरून येतं. तू याच खोऱ्यात जन्मलीस आणि हे विसरलीस. पण तुझी चूक विसरण्याची आहे. माझी तशी नाही.

कारण मी ती काठी पुसली नाही. पदराच्या एका टोकाचं काम होतं. मी पानं पुन्हा जागच्या जागी सारली. मनात म्हटलं, बघू तुझी काठी किती चालते. बारा तारखेला पुन्हा पाणी उडवलं. चौऱ्याहत्तर झालं, टाळ्या वाजल्या. आणि एकोणीसच्या बुधवारी मी फावडं पाटाच्या तळापर्यंत घातलं. हे नीट वाच. गाळ उचलावा म्हणून घातलं. नेम धरून फेकलं. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी.

मी सभांमध्ये वीस वर्षं बोलत आले. दलालांविरुद्ध बोलले, वजनाच्या खोट्या काट्याविरुद्ध बोलले. म्हटलं, "जो मापात माती घालतो तो शेजाऱ्याच्या ताटात माती घालतो." लोकांनी ते वाक्य संघाच्या भिंतीवर रंगवलं आहे. आणि मी मापात माती घातली. अक्षरशः.

का घातली, हे मला आता सजवून सांगायचं नाही. मला मत्सर वाटला. त्या डब्याचा, त्या टाळ्यांचा, तोमासाचा. सगळ्यांत जास्त तुझा. तू पदवी घेतलीस त्या दिवशी माझी रोपं लावायची होती, हे खोटं आहे. रोपं आदल्या दिवशीच लावून झाली होती. मी धुतलेला ह्युपिल घालून ट्रकच्या थांब्यापर्यंत आले होते. तोमासा वर गाजरांवर बसली होती, तिनं हात पुढे केला. मी म्हटलं, "काम आहे." तुला पदवीची टोपी घातलेलं मला बघवलं नसतं.

तोमासाचा वाफा परत फुटत नाही आहे. पातळ पानं कापली की मूळ थकतं, तुला माहीत आहे. ती रोज वाफ्यात येते आणि नुसती बसते. लोक आता टोपी काढत नाहीत. बासिलियो तिला म्हणाला, "देऊळ बंद का हो?" ती हसली. मला तिचं रडणं चाललं असतं.

तिला अजून वाटतं, आकडा वाचण्यात तिचीच काहीतरी चूक झाली.

रविवारी सभा आहे.

वेनान्सिया

•

चिमाल्तेनांगो, १३ मार्च

वेनाताई,

पत्र वाचून मी आधी फाडणार होते. मग माझी वही काढली.

आकडे तीन वेळा उडी मारतात. सहा, तेरा, वीस. तिन्ही वेळा गुरुवार. पान असं उड्या मारत वाढत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मी ती उडी सतराला पाहिली होती, त्याच दिवशी तुला ते दुष्ट पत्र लिहिलं. काठी तपासा, असा एक शब्द मी तोमासाला लिहायला हवा होता. लिहिला नाही. आकडा मला हवा होता तिकडे चालला होता. तुझ्या नजरेच्या पुढे.

तेव्हा तू एकटी नाहीस. म्हणून ऐक, मी काय ठरवलं आहे. सोबत एक वेगळा कागद जोडते आहे, केंद्राच्या शिक्क्याचा. त्यात लिहिलं आहे की यंत्रात बिघाड होता, दोष माझा, तोमासाबाईंचा नाही. सभेत तो वाचून दाखव. तोमासाची मान वर होईल. काठी मी परत नेईन. आणि तुझी जागा तुला राहील. गाळाचं कुणाला कळायची गरज नाही. तुला ज्यांनी पाटात उभं केलं, त्यात मीही होते. एवढं मला फेडू दे.

तुझी मिना

•

आल्मोलोंगा, १७ मार्च

मिना,

तुझा शिक्क्याचा कागद माझ्या पदरात होता. सभाभर होता. एउसेबियोनं "यंत्राचं काय झालं, कुणी सांगेल का?" असं विचारलं तेव्हा माझा हात त्या कागदावरच होता. काढून वाचायचा, की सगळं पूर्वीसारखं. चाळीस घरं पुन्हा माझ्या दारात. मला ते किती हवं होतं हे तुला कळेल, दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

मी उठले. मागच्या भिंतीवर माझं वाक्य रंगवलेलं होतं. मी त्याच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "हे मी बोलले होते. आता मी काय केलं ते ऐका." आणि पाट, फावडं, गाळ, तीन बुधवार, सगळं सांगितलं. तोमासा मला विचारायला आली होती आणि मी तिला काय उत्तर दिलं, तेही. माझा आवाज एरवी सभेच्या दारापलीकडे जातो. काल पुढच्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. "मोठ्यानं बोला, वेनाबाई!" असं कुणीतरी ओरडलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

 

शेवटी मी म्हटलं, "काठी खोटी नव्हती. तिला खोटं बोलायला मी लावलं. ती ठेवा. आणि आसेल्गाचा माझा वाफा तोमासाचा. दुसरा तोडाही तिचा, आणि मंगळवारच्या ट्रकमधली माझी जागाही."

एउसेबियोनं हात मोजले. कापणी यापुढे काठी ठरवील. काठी सांभाळायची आणि वाचायची तोमासानं. एकोणतीस हात. माझाही त्यात होता.

"पण ही माती पुन्हा बसणार," बासिलियो म्हणाला. "पाणी तर वरूनच येणार. रोज पुसायचं कोण?"

तोमासा तोवर माझ्याकडे बघत नव्हती. ती उठली. म्हणाली, "हिलाच ठेवा. घाण हिला सगळ्यांत आधी दिसते."

सगळी सभा हसली. ती हसली नाही. मीही नाही. पण दारातून बाहेर पडताना तिनं माझ्या खांद्याला धक्का दिला आणि म्हटलं, "उद्या बाराला. उशीर करू नकोस." मला क्षमा केली असं तिनं म्हटलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

आता तुझं मागणं. तू सत्तावीस जानेवारीला विचारलं होतंस, मी काय बघते. पंचवीस वर्षं मी ते तुझ्यापासून लपवलं, तात तर कधीच गेले. आज सांगते.

आम्ही पानं बघत नव्हतो, मिना. पानांकडे बघायचंच नसतं. तात फावडं बाहीला पुसायचे, कोरडं, पांढरं होईपर्यंत. आणि ते बाजूला ठेवत नसत. पानांखाली सरकवायचे, आडवं, भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. मग फावड्याच्या त्या रुंद फळीवर पडलेले उन्हाचे कवडसे मोजायचे. पान लहान असताना फळीभर ऊन. मग वीस कवडसे, मग बारा. तीन राहिले की कापायचं. "पान फसवतं," ते म्हणायचे. "सावली फसवत नाही. पण फळी आधी पूस."

तुझी काठी हेच करते. बांधावर उभं राहून, तुझ्याकडे पाठ फिरवून बसलेल्या आमच्याकडे बघून, पुस्तकांच्या ढिगातून वाट काढत तू बारा वर्षांनी तातांच्या फावड्यापाशीच येऊन पोचलीस. कुणी न सांगता. मला ते आलं नसतं. याचाही मला मत्सर वाटतो, पण हा बरा वाटतोय.

आज दुपारी मी काठी पुसली, पदरानं, दोनदा. ती काठी आता माझ्याच जुन्या वाफ्यात आहे. तोमासा डब्याकडे गेली. मी तिच्या नकळत शेजारी फावडं सरकवलं. फळीवर पाच कवडसे होते.

ती आकडा वाचून नव्वदला अजून किती दिवस ते बोटांवर मोजत होती तेव्हा मी उठले, आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "गुरुवारी."

तिनं माझ्याकडे बघितलं. फावड्याकडे बघितलं. "हे काय?" म्हणाली.

मी तिला बसवलं आणि दाखवलं. तुझ्या आधी तिला कळलं, त्याचा राग धरू नकोस. ती विचारायला आली होती, आणि त्या दिवशी मी तिला परत पाठवलं होतं.

पवित्र आठवड्यात तुला सुट्टी असते. ये. डबा आणू नकोस, कॅमेरा आणू नकोस. बुधवारी दुपारी बाराला बांधावर थांबू नकोस, सरळ वाफ्यात उतर. तातांचं फावडं मी पुसून ठेवलं आहे.

तुझी वेना